‘दहा वर्षांच्या ग्रीन कार्डा’चा सापळा

“अमेरिकेत दहा वर्षं झाली ना? मुलं इथेच जन्मली ना? मग ग्रीन कार्ड तुमच्या हक्काचं, फक्त अर्ज भरायचाय.” कागदपत्रांविना राहणाऱ्या कुटुंबाला कुणा एजंटने असं सांगितलं, तर तिथूनच परत फिरावं. असा अर्जच अस्तित्वात नाही.

कायद्यात आहे ती हद्दपारी रद्द करण्याची तरतूद, फॉर्म ईओआयआर-४२बी. ती फक्त इमिग्रेशन न्यायाधीश देऊ शकतो आणि तीही हद्दपारीचा खटला चालू असेल तरच. सलग दहा वर्षांचं वास्तव्य आणि चांगली वर्तणूक एवढ्यावर भागत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराचे, आईवडिलांचे किंवा मुलांचे अपवादात्मक आणि अतिशय असाधारण हाल होतील, हे सिद्ध करावं लागतं. ताटातुटीचं नेहमीचं दुःख त्यात बसत नाही. शिवाय वर्षाला मंजुरीची मर्यादा ४,०००.

म्हणजे न्यायाधीशासमोर जायला आधी अंगावर खटला हवा. एजंट तो ओढवून आणतो, तुम्हाला न सांगता. ‘वर्क परमिटचे कागद’ म्हणून ज्यावर सही घेतली जाते तो असतो आय-५८९, म्हणजे असायलमचा, मायदेशी छळ होतो म्हणून आश्रय मागण्याचा अर्ज. आत छळाची कुणाची तरी उसनी कहाणी असते. हा अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करायचा असतो. दहा वर्षं राहिलेल्याचा तो, मोजके अपवाद सोडले तर, टिकत नाही. पण अर्ज प्रलंबित राहून १८० दिवस उलटले की वर्क परमिट मिळू शकतं आणि गाडी इथेच घसरते. कार्ड हातात पडल्यावर संशय घ्यायचा कुणी? उलट मेव्हण्यालाही त्याच एजंटकडे पाठवलं जातं.

पुढे मुलाखत होते, अर्ज मंजूर होत नाही, प्रकरण कोर्टाकडे जातं आणि हजर राहण्याची नोटीस येते. “जाऊ नका, मी बघतो,” असं एजंट म्हणाला आणि तुम्ही ऐकलंत, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. कहाणी जाणूनबुजून रचलेली ठरली तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे लाभ कायमचे बंद. मग नागरिक झालेल्या मुलाने २१व्या वर्षी आईसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरूनही उपयोग होत नाही.

एजंट मात्र नामानिराळा. आय-५८९ च्या भाग ‘ई’मध्ये अर्ज तयार करणाऱ्याने नाव-पत्ता देऊन सही करायची असते. तो कोरा सोडला की कागदोपत्री सगळं तुम्हीच लिहिलेलं. म्हणून तो भाग आधी पाहा, अर्ज आपल्या भाषेत शब्दन् शब्द वाचून घ्या आणि दाखल केलेल्याची पूर्ण प्रत मागा.

‘नोटरी’ या पाटीलाही भुलू नका. भारतात नोटरी सहसा वकीलच असतो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाची गफलत होते. अमेरिकेतला नोटरी पब्लिक फक्त सहीचा साक्षीदार. कायदेशीर सल्ला देऊ शकतो तो कुठल्यातरी राज्याच्या बारमध्ये नोंदलेला वकील, किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी. प्रतिनिधीला ‘पूर्ण’ मान्यता आहे की ‘अंशतः’, हे विचारा; अंशतः असेल तर तो कोर्टात उभा राहू शकत नाही. वकील परवडत नसला तरी इमिग्रेशन कोर्टात सरकार तो देत नाही, तेव्हा अशा संस्थांची यादी न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवावी.

आधीच अडकला असाल तर पहिलं काम तारीख शोधणं. नोटिशीवरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला क्रमांक) १-८००-८९८-७१८० या कोर्टाच्या स्वयंचलित फोनसेवेवर टाकला की पुढची सुनावणी किंवा निघालेला आदेश कळतो. पत्ता बदलला असेल तर ईओआयआर-३३ पाच दिवसांत भरा. गैरहजेरीतला आदेश असेल आणि असाधारण कारण दाखवायचं असेल, तर खटला पुन्हा उघडण्याच्या अर्जाला १८० दिवसांची मुदत असते. नियमानुसार नोटीसच मिळाली नसेल तर मुदत नाही. एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसू नका. तो फाइल देत नसेल तर माहितीच्या अधिकाराच्या तिथल्या कायद्याखाली ती सरकारकडून मागवता येते.