शेंगेन की ब्रिटन? युरोपच्या पहिल्या प्रवासाआधी दोन व्हिसांची तुलना

युरोपला जायचे ठरले की भारतीय पासपोर्टधारकापुढे लवकरच प्रश्न उभा राहतो, युरोपातल्या अनेक देशांत एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा काढायचा की ब्रिटनचा. पुष्कळ घरांत हा प्रश्न विमानभाड्यावरून किंवा नातलग कुठे राहतात यावरून सुटतो आणि व्हिसाचे नियम तिकिटे काढून झाल्यावर वाचले जातात. माझ्या मते आधी नियम वाचावेत आणि मग बेत आखावा, कारण हे दोन व्हिसा दोन वेगळ्या दृष्टींनी दिले जातात. शेंगेन व्हिसा देणारा अधिकारी मुख्यतः तुमचा आखलेला प्रवास तपासतो. ब्रिटनचा अधिकारी मुख्यतः तुमची घरची, नोकरीची आणि पैशाची स्थिती तपासतो. कोणती बाजू आपण अधिक भक्कमपणे मांडू शकतो, हे ओळखले की निवड बरीच सोपी होते.

आधी भूगोल. शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया 1 जानेवारी 2025 पासून त्यात पूर्णपणे सामील झाले. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँड हे युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत, तर आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हते, त्यामुळे त्याचा व्हिसा पॅरिसला चालत नाही आणि शेंगेनचा व्हिसा लंडनला चालत नाही. (गोव्यातील ज्या मंडळींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांना शेंगेन देशांसाठी व्हिसा लागत नाही. ब्रिटनला जाण्यासाठी मात्र 2 एप्रिल 2025 पासून त्यांनाही ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.)

दोहोंतला सर्वांत मोठा फरक मुक्कामाच्या दिवसांचा आहे आणि गफलतही इथेच सर्वाधिक होते. शेंगेन व्हिसाचे स्टिकर हातात आले की तीन गोष्टी नीट वाचाव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, प्रवेश किती आहेत आणि मुक्कामाचे दिवस किती आहेत. स्टिकरवर 5 मे ते 4 जून अशा तारखा असतील आणि दिवसांच्या रकान्यात 15 असा आकडा असेल, तर महिनाभर राहण्याची परवानगी मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. त्या महिन्यातले कोणतेही 15 दिवस राहता येईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रवेशाच्या रकान्यात 01 असेल तर एकदा शेंगेनबाहेर पाऊल टाकल्यावर, दिवस शिल्लक असले तरी, परत आत येता येत नाही.

अनेक प्रवेशांचा व्हिसा असला तरी कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा कायम राहते. ही मोजणी दर दिवशी मागे वळून करायची असते आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरला जातो. एक उदाहरण घेऊ. आई-वडील 1 मार्च ते 29 एप्रिल असे 60 दिवस म्युनिकला मुलीकडे राहून आले आणि पुन्हा 1 जुलैला गेले. त्या दिवसापासून 180 दिवस मागे मोजले तर आपण 3 जानेवारीपर्यंत पोचतो, म्हणजे आधीचे साठही दिवस हिशेबात येतात. शिल्लक उरतात 30, आणि 30 जुलैच्या रात्रीपर्यंत त्यांना शेंगेनबाहेर पडावेच लागते. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर शिक्क्याऐवजी येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एखादा जादा दिवस कुणाच्या लक्षात येणार नाही, या भरवशावर आता कोणी राहू नये.

ब्रिटनच्या नेहमीच्या अभ्यागत व्हिसावर एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येते आणि वैधतेच्या काळात अनेकदा ये-जा करता येते. 180 दिवसांसारखे गणित तिथे नाही. मात्र लागोपाठच्या लांब भेटी करून तिथेच वास्तव्य केल्यासारखे दिसू नये, अशी अट आहे. बाळंतपणासाठी किंवा नातवंडे सांभाळायला चार-पाच महिने राहायचे असेल, तर ब्रिटनचा व्हिसा निःसंशय सोयीचा आहे. शेंगेन क्षेत्रात अभ्यागत म्हणून एवढा सलग मुक्काम करता येतच नाही.

आता कागदपत्रे. शेजारपाजारची मंडळी आपली फाइल माझ्याकडे दाखवायला आणतात, तेव्हा दोन्ही व्हिसांसाठी एकच जाडजूड फाइल केलेली दिसते. शेंगेनसाठी ती बरीचशी योग्य असते. दिवसागणिक कार्यक्रम, जाण्या-येण्याच्या तिकिटांचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे आणि नोकरदारांसाठी रजा मंजुरीचे पत्र, हे सगळे तिथे लागते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. काही देशांनी रोजच्या खर्चाची रक्कमही ठरवून दिली आहे. फ्रान्स हॉटेलचे आरक्षण दाखवल्यास दिवसाला 65 युरो आणि न दाखवल्यास 120 युरो धरतो.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात याच्या जवळजवळ उलट सांगितले आहे. हॉटेल व विमानाची आरक्षणे, प्रवास विमा, क्रेडिट कार्डाची बिले, शिक्षणाची प्रमाणपत्रे, घरगुती फोटो आणि यजमानाची वीजबिले जोडू नयेत, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यांना पाहायचे असते ते हे की अर्जदाराचे उत्पन्न कुठून येते, प्रवासाचा खर्च त्या उत्पन्नाशी जुळतो का आणि परत येण्यासाठी मागे नोकरी, धंदा, शेती, कुटुंब असे काय आहे. इथे आपल्याकडच्या अर्जांत एक नेमकी अडचण दिसते. शेतकरी कुटुंबाच्या खात्यात ऊसबिल एकरकमी जमा होते आणि अधिकाऱ्याला ती अचानक आलेली, उसनी रक्कम वाटू शकते. कारखान्याची ऊसबिलाची पावती आणि सातबारा सोबत जोडला की तो संशय राहत नाही, मात्र मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर हवे आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख व संपर्काचा तपशील हवा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पासपोर्टवर माहेरचे आणि बँकेत सासरचे नाव असेल, तर विवाह प्रमाणपत्र दोन्हीकडे आवर्जून द्यावे. अर्ज मंजूर होण्याआधी मुदत ठेव मोडून खात्यात मोठी शिल्लक दाखवण्याची सवय दोन्ही ठिकाणी नुकसान करते. त्यापेक्षा ठेव तशीच ठेवून तिची पावती जोडणे केव्हाही चांगले.

मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला जाणाऱ्यांसाठी यजमानाचा कागदही वेगवेगळा असतो. जर्मनीत मुलाने स्थानिक परकीय नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र करून घेतले, तर पाहुण्यांचा खर्च पेलण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर येते आणि ती देण्याआधी त्याचा पगार तपासला जातो. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून निवासाचे प्रमाणपत्र काढावे लागते. ब्रिटनला साधे निमंत्रण पत्र आणि यजमानाच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा चालतो. ज्यांच्या मुलाला कामाच्या दिवशी सरकारी कार्यालयात जायला सवड नाही, त्यांनी हा फरक आधीच विचारात घ्यावा.

खर्चाच्या बाबतीत कुटुंब मोठे असेल तर शेंगेन स्वस्त पडतो. 11 जून 2024 पासून शेंगेनचे शुल्क प्रौढांना 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे, तर सहा वर्षांखालील मुलांना ते नाही. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल 2025 च्या दरांनुसार माणशी 127 पौंड होते आणि मुलांना सवलत नाही. आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले तर या दरांनी शेंगेनला 225 युरो आणि ब्रिटनला 508 पौंड होतात. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि शेंगेनच्या बाजूला विम्याचा हप्ताही धरावा. शुल्काची रक्कम बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर ती पाहून घ्यावी.

वेळेच्या बाबतीत शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवसांची असून ती 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. ब्रिटनचा अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत होतो. शेंगेनची खरी अडचण मेच्या सुट्टीआधी अपॉइंटमेंट मिळण्याची आहे. तेव्हा एखाद्या दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडून अर्ज करण्याचा मोह होतो. नियम मात्र असा आहे की जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा, आणि दिवस समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. नऊ दिवस इटलीत आणि दोन दिवस ग्रीसमध्ये राहायचे असताना ग्रीसकडून व्हिसा घेणे म्हणजे सीमेवर अडवणूक ओढवून घेणे आहे.

अर्ज नामंजूर झाला तर? शेंगेनमध्ये छापील कारणांच्या यादीत खुणा केलेला कागद मिळतो आणि त्या त्या देशाच्या कायद्यानुसार दाद मागता येते. जर्मनीने दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय 1 जुलै 2025 पासून बंद केली, त्यामुळे तिथे नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा हेच मार्ग उरले आहेत. ब्रिटन सविस्तर पत्र देते, पण अभ्यागत व्हिसाला सहसा अपील नसते आणि पूर्ण शुल्क भरून नवा अर्ज करावा लागतो. ब्रिटनच्या अर्जात इतर देशांनी नाकारलेल्या व्हिसांची माहिती विचारली जाते. शेंगेनचा नकार तिथे लपवू नये, कारण फसवणूक ठरल्यास दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि नकारापेक्षा ती कितीतरी अधिक नुकसानीची असते.

वारंवार जाणाऱ्यांसाठी गणित बदलते. भारतीयांसाठी एप्रिल 2024 मध्ये शेंगेनची नवी व्यवस्था आली. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचा. म्हणजे हा विश्वास पायरीपायरीने कमवावा लागतो. ब्रिटनमध्ये पहिल्याच वेळी दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा मागता येतो. एप्रिल 2025 च्या दरांनुसार त्यांचे शुल्क अनुक्रमे 475, 848 आणि 1,059 पौंड होते. मागितल्यापेक्षा कमी मुदतीचा व्हिसा मिळाला तर फरकाची रक्कम परत मिळत नाही, म्हणून पहिल्या प्रवासाला सहा महिन्यांचाच घ्यावा, असे मी सुचवेन.

दोन्हीकडे एकाच फेरीत जायचे असेल तर ब्रिटन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावे, मध्ये ठेवू नये. मुंबई-लंडन-पॅरिस-रोम-मुंबई असा प्रवास शेंगेनच्या एका प्रवेशात बसतो, तर पॅरिस-लंडन-रोम याला दोन प्रवेश लागतात. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर युरोस्टार गाडीत बसण्याआधीच फ्रान्सचे सीमा पोलीस पासपोर्ट तपासतात, त्यामुळे शेंगेन व्हिसाच्या पहिल्या दिवसाआधीची गाडी पकडली तर लंडनच्या स्थानकावरच थांबावे लागते. पासपोर्ट सहसा एका वेळी एकाच कार्यालयाकडे राहत असल्याने दोन्ही अर्ज बहुधा एकामागून एक करावे लागतात. शेंगेनचा अर्ज लवकर करता येत असल्याने तो आधी करावा आणि पासपोर्ट हाती आल्यावर ब्रिटनचा करावा. डब्लिनही पाहायचे असेल, तर ब्रिटनच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद आहे का ते पाहावे. भारतीयांसाठी असलेल्या या योजनेत त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येते, मात्र आधी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश केलेला असावा लागतो.