‘दुरुस्त होत नाही’ असे सांगून बदललेला स्टिअरिंग डँपर

ज्यांच्या मोटारसायकलच्या स्टिअरिंग डँपरवर, म्हणजे हँडलचे हेलकावे दाबणाऱ्या, तेल भरलेल्या नळी-दांड्यावर, तेलाचा ओशटपणा दिसू लागला आहे, त्यांनी तो दुरुस्त करावा की त्याजागी अधिक भारी डँपर बसवावा, हे ठरवण्यापूर्वी माझा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे.

वेग उतरत असताना एका ठरावीक टप्प्यावर माझ्या गाडीचे हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागले होते आणि त्याच सुमारास डँपरच्या दांड्यावर धूळ चिकटलेले तेलही दिसले. तेल गळते म्हणून हँडल थरथरते, असा निष्कर्ष मी काढला आणि गॅरेजमध्ये गेल्या गेल्या तो बोलून दाखवला. मेकॅनिकने पुढचे चाक उचलून पाहिले नाही, की टायरची हवाही तपासली नाही. त्याने दांड्यावरून बोट फिरवून तेल मला दाखवले आणि म्हणाला, “साहेब, हा सीलबंद असतो, याची दुरुस्ती होतच नाही. आता अपग्रेडच करून टाका.” माझ्या डँपरच्या टोकाला झाकण धरून ठेवणारे सर्क्लिप, म्हणजे काढता येणारी धातूची कडी, डोळ्यांना दिसत होते, म्हणजे तो उघडण्यासाठीच बनवलेला होता, पण त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

मी कां-कूं करतो आहे असे पाहिल्यावर त्याने भीती घातली. १९९७ साली आलेल्या सुझुकी टीएल १०००एस या गाडीचे हँडल फडफडत असल्याने कंपनीलाच त्या गाड्या परत बोलावून डँपर बसवावे लागले आणि होंडाने २००४ च्या सीबीआर १०००आरआरला तर इलेक्ट्रॉनिक डँपर दिला, असे त्याने सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच मी फसलो. माझ्या गाडीला काय झाले आहे, हे त्यातून मुळीच सिद्ध होत नव्हते.

एका नामांकित कंपनीचे नाव कोरलेला सोनेरी रंगाचा डँपर त्याने बसवला. खोका मागितला तर फेकून दिला म्हणाला आणि जुना डँपर मागितला तर भंगारात गेला म्हणाला. पहिल्या फेरीत थरथर जवळजवळ थांबली, त्यामुळे माझी पूर्ण खात्री पटली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डँपर थरथरीचे कारण दूर करत नाही. आतल्या तेलाला अरुंद छिद्रातून जायला लावून तो हँडलच्या झटपट हालचालीला विरोध करतो, इतकेच. वॉबल म्हणतात त्या प्रकारात हँडल सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा हेलकावते आणि ते हेलकावे दाबण्याइतका विरोध कोणताही नवा, घट्ट डँपर काही काळ करू शकतो. मूळ दोष मात्र खाली तसाच वाढत राहतो.

काही आठवड्यांत थरथर परतली आणि तिच्या जोडीला अधिक भयंकर गोष्ट लक्षात आली. सावकाश गाडी वळवताना हँडल उजवीकडे पूर्ण फिरण्याआधीच अडकू लागले. डँपरचा दांडा आखूड होता, त्यामुळे चेसिसवरचा स्टॉपर टेकण्यापूर्वीच तो आत टेकत होता आणि सगळा जोर त्याच्या क्लँपवर येत होता. भर रहदारीत असे हँडल अडकले असते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

दुसऱ्या गॅरेजमधील वयस्कर मेकॅनिकने आधी डँपरच काढून बाजूला ठेवला, पुढचे चाक अधांतरी केले आणि मला हँडल हलक्या हाताने फिरवायला सांगितले. अगदी मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत होते. मेकॅनिक मंडळी ज्याला कोनसेट म्हणतात, ती हँडलखालची बेअरिंगची जोडी त्यांनी उघडली, तेव्हा वाटीच्या कडेने एका ओळीत खड्डे पडलेले दिसले. पुढच्या टायरवर हात फिरवला तर लाटांसारखे चढउतार लागत होते. कोनसेट आणि टायर बदलून चाकाचे बॅलन्सिंग केल्यावर, डँपर नसतानाही थरथर नाहीशी झाली.

त्यानंतर त्यांनी तो सोनेरी डँपर उघडला. विरोध कमी-जास्त करण्यासाठी असलेली बाहेरची कळ फिरवली की ‘टिक टिक’ आवाज येई, पण तो आवाज स्प्रिंगवर टेकलेल्या एका छोट्या गोळीचा होता. तेलाचा मार्ग कमी-जास्त करणारी सुई त्या मार्गापर्यंत पोहोचतच नव्हती. तेलही पुरेसे नव्हते. डँपर हातात धरून दांडा आत-बाहेर केला तर दिशा बदलताना काही अंतर तो विरोधाशिवाय सरकत असे. ही परीक्षा तर कोणालाही विकत घेण्याआधी करता येते. विरोध सुरुवातीपासून सलग लागला पाहिजे आणि कळ फिरवल्यावर तो हाताला स्पष्ट बदललेला जाणवला पाहिजे.

दांडा गुळगुळीत व सरळ असेल, झाकण उघडणारे असेल आणि तेल बाहेर येऊ न देणारे सील मिळत असेल, तर नवे सील, योग्य जाडीचे तेल आणि हवा पूर्ण काढून भरणे, एवढ्यावर जुना डँपर उत्तम चालतो, असे माझे आता स्पष्ट मत आहे. दांड्याच्या क्रोमवर गंजाचे टिपके असतील तर ते नवे सील लवकरच फाडतील, आणि तोंड दाबून कायमचे बंद केलेला डँपर उघडण्यात अर्थ नाही. अशा वेळी बदल योग्यच. मात्र तोही आपल्याच मॉडेलसाठीच्या क्लँपसह घ्यावा, बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हे शेवटचे इतक्या आग्रहाने सांगतो, याला कारण आहे. काही महिन्यांनी एका थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या, माझ्याच मॉडेलच्या गाडीवर मला माझा जुना डँपर दिसला. किल्लीचा जुडगा घासून त्याच्या अंगावर उमटलेले चंद्रकोरीसारखे तीन ओरखडे मी रोज पाहत असे. गाडीच्या मालकाकडे चौकशी केली, तर त्याच गॅरेजने तो ‘ओव्हरहॉल केलेला’ म्हणून त्यांना विकला होता. त्यांच्याही हँडलला थरथर होती आणि त्यांच्याही गाडीचा कोनसेट कोणी तपासला नव्हता.