मीटर ५८ हजार, अक्कल शून्य

जुन्या गाड्या विकताना किलोमीटरचा मीटर मागे फिरवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणाला माहीत नसतं? तरीही १० ऑगस्ट २०२४ ला घोडबंदर रोडवरच्या एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानातून मी २०१८ ची डिझेल डिझायर उचलली. ५,३५,००० गाडीचे, वर १४,५०० 'ट्रान्सफर आणि फाईल'चे. मीटरवर ५८,२१४ किलोमीटर.

घाई का केली ते सांगतो, मग हवं तर हसा. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. दर पंधरा दिवसांनी तिला ऐरोलीहून ठाण्याला न्यावं लागतं. पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की रिक्षावाले हात वर करतात. त्या जुलैत तिला घेऊन तासभर कळवा नाक्यावर भिजलो, त्याच रात्री ठरवलं, गाडी घ्यायची. बजेट साडेपाच लाख.

सगळ्यात जास्त जळतं ते पुढचंच. याच्या आठवडाभर आधी मी नौपाड्यातल्या एका निवृत्त काकांची गाडी बघून आलो होतो. तीच डिझायर, तेच वर्ष, तेच डिझेल. १,१२,६४० किलोमीटर. मागत होते ४,४०,०००. काकांनी रेक्झीनची फाईल पुढे ठेवली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेनुसार लावलेली, क्लच कधी बदलला, बॅटरी कधी घेतली, सगळं. 'कोल्हापूरला मुलीकडे जाऊन-येऊन झालेत एवढे. बघा, पटलं तर,' एवढंच म्हणाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, 'लाख पार झालेली गाडी कोण घेतं? इंजिन संपलेलं असतं.' हायवेवर चाललेलं, वेळेवर ऑइल बदललेलं डिझेल इंजिन लाखाला संपत नाही, हे मला आमच्या मेकॅनिकने नंतर सांगितलं. काकांना दोन महिन्यांनी फोन केला. गाडी तिसऱ्याच दिवशी गेली होती.

आता दुकानातला तो क्षण. गाडी चकाचक. नवे सीट कव्हर, नवे मॅट, डॅशबोर्डवर ते तुपकट पॉलिश. मी बोनेट उघडून जाणकारासारखा आत बघत होतो (काय बघत होतो देव जाणे). बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि म्हणाली, 'अहो, हे क्लच पेडलचं रबर बघा.' वाकून बघितलं. रबरावरच्या रेघा पार गेलेल्या, उजव्या कोपऱ्यात झिजून खालचा पत्रा चमकत होता. ब्रेकचंही तसंच, गुळगुळीत. दुकानदार हसला, 'वहिनी, आधीचे मालक सेफ्टी शूज घालायचे. फॅक्टरीवाले होते ना.' आणि मीही हसलो. त्याच्या बाजूने, बायकोला. एवढं सगळं नवं करताना ते रबर बदलायला तो विसरला होता, आणि माझ्या बायकोने ते पकडलं होतं. ५८ हजारांत पत्रा दिसत नाही हो. पायाशी बघा, स्टिअरिंगवर हात फिरवून बघा, ड्रायव्हरच्या सीटखालचा फोम दाबून बघा. कव्हर नवं असेल तर आधी उचला.

आरसीवर मालक म्हणून एका प्रायव्हेट लिमिटेडचं नाव होतं. 'डायरेक्टरसाहेबांची गाडी.' जुन्या विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. सहा वर्षांच्या गाडीला शून्य म्हणजे बहुधा नुकताच क्लेम झालाय, एवढं मला कळायला हवं होतं. मी विचारलंच नाही. तो 'नॉन-ॲक्सिडेंट' म्हणाला, मी मान डोलावली.

ऑक्टोबरात क्लच गेला. १३,२०० रुपये. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर. 'साहेब, ही दीड लाखाच्या पुढची आहे.' तोवर आरसी माझ्या नावावर आली होती. ती घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो, नोंदी काढायला सांगितल्या. शेवटची नोंद ऑगस्ट २०२२ ची. १,७१,३८६ किलोमीटर. त्यानंतरची दोन वर्षं ती कुठे फिरली ते कुणालाच ठाऊक नाही. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. दर दोन-अडीच महिन्यांनी सर्व्हिस. डायरेक्टर कसला, पांढऱ्या, म्हणजे खाजगी गाडीच्या पाटीवर स्टाफ ने-आण करणारी गाडी होती ती, रोजचे शंभरावर किलोमीटर. या नोंदी आधी मिळतात का? मिळतात. विकणाऱ्याला सोबत घेऊन जा किंवा त्याला काढून आणायला लावा. टाळाटाळ केली की टोकन न देता उठा.

दुकानदाराकडे गेलो तर चहा पाजला. मग पावतीची मागची बाजू दाखवली: 'वाहन जसे आहे तसे. किमी आधीच्या मालकाच्या सांगण्यानुसार.' त्याखाली माझी सही. बारीक अक्षर वाचायला तेव्हा चष्मा काढायचा कंटाळा केला होता.

मग सरकारी यात्रा. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, पण पोलीस नवी मुंबईचे. म्हणाले, 'व्यवहार ठाणे शहराच्या हद्दीत झालाय, तिकडे जा.' झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी इथेच गुन्हा नोंदवा, म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ठाण्याच्या चौकीत दोन तास बाकावर. मग, 'ही दिवाणी बाब आहे.' मी म्हटलं, फसवणूक आहे, कलम ३१८, पूर्वीचं ४२०. तर उत्तर, 'मीटर त्यानेच फिरवला हे तुम्ही बघितलंत का?' नाही बघितलं. ते बघायला बोलावतात का कोणाला? शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. त्या शिक्क्याचं काय लोणचं घालायचं?

आरटीओत तर कमालच. 'किलोमीटरचं रेकॉर्ड आमच्याकडे नसतं.' टॅक्सीची निदान फिटनेस तपासणी होते, खाजगी गाडीकडे पंधरा वर्षं कोणी ढुंकून बघत नाही, मग मीटर फिरवणाऱ्याला भीती कसली? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे. या दुकानाकडे आहे का, एवढंच विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, 'माहितीच्या अधिकारात मागा.' म्हणजे नियम तुमचा, यादी तुमची, आणि अर्ज मी करायचा! तुम्ही मात्र दुकानात शिरताच ते अधिकारपत्र मागा. मी मागितलं नव्हतं, कारण हा नियम मला फसल्यावर कळला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मुलगी गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला. तीन आठवड्यांनी मेसेज आला: समोरून प्रतिसाद नाही, ग्राहक आयोगाकडे जा. तेवढं एक बरं आहे. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हद्दीचं रडगाणं नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. मी दाखल केलीय. आतापर्यंत दोन तारखा झाल्या, दोन्हीला तो गैरहजर.

दरम्यान डिसेंबरात सस्पेन्शन १७,६५० आणि फेब्रुवारीत टर्बो ३१,४००. सगळे धरून ६,११,७५० घातलेत मी या डब्यात. दुकानदाराला दिलेले पहिले एक लाख रोख होते, त्याची पावतीही नाही. रोख देऊ नका. एक रुपया देऊ नका. आणि 'शोरूम कंडिशन' म्हणणाऱ्याला सांगा, माझा मेकॅनिक येऊन बघेल. माझा चार दिवस गावाला गेला होता, मी थांबलो नाही.

बायकोने आजवर एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलेलं नाही. म्हटली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात कंटाळून तुर्भ्याच्या एका दुसऱ्या दुकानात गाडी दाखवली. खरं ते सगळं सांगितलं, सर्व्हिस सेंटरचा कागदही पुढे ठेवला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. 'तीन लाख देतो साहेब. किलोमीटरचं टेन्शन घेऊ नका, ते आमचं आम्ही बघतो.'