दहा महिने, पाच पिरान्हा आणि त्यांचं खाणं: माझा अनुभव

गेल्या मार्चमध्ये लाल पोटाच्या पिरान्हाची सहा पिल्लं घरी आणली. आज जानेवारीत पाच आहेत. सहावं कसं गेलं ते पुढे सांगतेच, कारण ते माझ्याच चुकीने गेलं. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. इथे हा मासा पाळता येतो. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा बऱ्याच राज्यांत बंदी आहे, तेव्हा कुणाच्या मनात असेल तर आधी आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. टाकी सहा फुटी, 125 गॅलनची, म्हणजे साधारण 470 लिटरची. पाणी 26 अंशांवर, तळाला वाळू, टाकीबाहेर बसवायचे दोन कॅनिस्टर फिल्टर. टाकीबद्दल एवढंच, बाकी सगळं खाण्याबद्दल.

घरी कुणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यांना मटण घालतेस ना?" गेल्या शंभराहून जास्त वर्षांत माणसाला फाडून खाणारा म्हणून या माशाची जी ख्याती झाली, तिला 1913-14 मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात गेलेल्या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या वर्णनांनी बरंच खतपाणी घातलं. प्रत्यक्षात नदीत हा मासा मिळेल ते खातो: लहान मासे, मोठ्या माशांचे पर आणि खवले, किडे, कोळंबी, गोगलगाई, पाण्यात पडलेल्या बिया, पाणवनस्पतींचे तुकडे. त्याचं ताट मुळातच मिश्र आहे. दहा महिने हे मिश्र ताट घरात कसं वाढायचं, यातच माझा सगळा वेळ गेला आणि तो गेल्याचं मला समाधान आहे.

आधी त्या सहाव्या पिल्लाबद्दल. आणली तेव्हा सगळी जेमतेम चार सेंटिमीटरची होती, रुपेरी, अंगावर काळे ठिपके. मी ऑफिसला जायच्या आधी सकाळी एकदाच खायला घालत होते, कारण "मोठ्या पिरान्हाला दोन-तीन दिवसांआड खाणं पुरतं" हे मी वाचलं होतं आणि तेच पिल्लांना लावलं. पिल्लांचं तसं नसतं. ती झपाट्याने वाढतात, दिवसभर हुडकत फिरतात, आणि पोट रिकामं असेल तर शेजाऱ्याची शेपटी हेच सगळ्यात जवळचं अन्न. आधी दोघांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसल्या. पर पुन्हा येतात म्हणून मी स्वस्थ राहिले. चौथ्या आठवड्यात सकाळी दिवा लावला तर सर्वात लहान पिल्लाचं डोकं आणि कणा एवढंच वाळूवर पडलं होतं. त्या दिवसापासून तीन वेळा, थोडं थोडं खाणं सुरू केलं: सकाळी, ऑफिसातून आल्यावर आणि दिवा मालवायच्या आधी. कुरतडणं दोन आठवड्यांत जवळजवळ थांबलं. सात-आठ सेंटिमीटरची होईपर्यंत हा क्रम ठेवला, मग दिवसातून एकदा, आणि आता तेरा ते पंधरा सेंटिमीटरची झाल्यावर एक दिवसाआड.

आता काय घालते ते. पाया म्हणजे पांढरा मासा. गोठवलेला तिलापिया किंवा कॉड, मीठ-मसाला न लावलेला. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. स्वस्त पाकिटांत बऱ्याचदा पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेट घातलेलं असतं, मीठही असतं. फिलेपेक्षा, म्हणजे काटे काढलेल्या तुकड्यापेक्षा, मला अख्खा तिलापिया जास्त पटतो. एशियन ग्रोसरीत मिळतो. डोक्यासकट, काट्यासकट, आतड्यासकट बोटभर जाडीचे तुकडे करून डब्यात गोठवते. नुसत्या फिलेत कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि यकृतातली जीवनसत्त्वंही नसतात. खवलं आणि काटा हे त्यांचं खाणंच आहे, आपण काढून देतो ते आपल्या सवयीने.

दुसरी कोळंबी, कच्ची आणि सालासकट. आई व्हिडिओ कॉलवर बघत होती तेव्हा म्हणाली, "अगं, सोलून तरी घाल त्यांना." पण साल हवंच. त्यातल्या रंगद्रव्याने पोटाचा लाल रंग चढतो. पाच महिन्यांपूर्वी काढलेला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले तर गळ्याखालचा फिका नारिंगी आता पिकल्या टोमॅटोसारखा झालेला दिसतो. मात्र रोज कोळंबी नको. कारण पुढे येतं.

मेमध्ये मी एक मोठी चूक केली असती, थोडक्यात वाचले. इथे मिशिगनमध्ये वसंतात स्मेल्ट नावाचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे जाळ्यांनी पकडतात, दुकानात गोठवलेले अगदी स्वस्त मिळतात. अख्खा छोटा मासा, पोटासकट, यापेक्षा चांगलं काय? मी चार पाउंड आणले. तीन आठवडे तेच घातलं. मग एका जुन्या जाणत्या मत्स्यपालकाने विचारलं, "थायमिनेजचं बघितलंस का?" स्मेल्टमध्ये हे एन्झाइम असतं आणि ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोल्डफिशमध्येही असतं, हेरिंगच्या कुळातल्या कित्येक माशांत असतं, काही जातींच्या कोळंबीतही असतं. गोठवल्याने ते जात नाही, शिजवल्याने जातं. आमच्याच दारातल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये याचा मोठा दाखला आहे. तिथे अलवाइफ नावाचा मासा भरमसाट खाणाऱ्या लेक ट्राउट माशांच्या अंड्यांत बी-1 इतकं कमी पडतं की पिल्लं स्वतः खायला लागायच्या सुमारासच मरतात. उरलेले स्मेल्ट मी बेसन लावून तळले, घरच्यांनी खाल्ले. टाकीत पुन्हा गेले नाहीत. तिलापिया, कॉड, ट्राउट यांत ही भानगड नाही, म्हणून पाया यांचाच ठेवा. कोळंबी आठवड्यातून एकदाच द्यायची ती याचसाठी.

जिवंत गोल्डफिश घालायचे का, हा प्रश्नही यातच सुटला. दुकानातले ते स्वस्त गोल्डफिश दाटीवाटीत ठेवलेले, बहुधा आजारी, अंगावर परजीवी असलेले असतात. वर थायमिनेज, वर चरबी. मी एकदाही घातले नाहीत. पाहुण्यांना दाखवायला म्हणून तर अजिबात नाही. भित्रा मासा कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेला बघणं मला सोसवलं नसतं, आणि त्याची गरजही नाही. मटण, चिकन, बीफ हार्टही नाही. गाईबकऱ्याची चरबी त्यांच्या अंगाच्या उष्णतेत पातळ असते. 26 अंशांच्या पाण्यातल्या माशाच्या पोटात ती पचायला जड जाते आणि यकृतात साठत जाते. महिन्यातून एखादा तुकडा दिला तर बिघडत नसेल, पण मला त्याचं कारण सापडलं नाही.

पेलेटवर, म्हणजे माशांच्या तयार कोरड्या खाण्याच्या गोळ्यांवर, यायला मला सर्वात जास्त वेळ लागला, आणि आज विचाराल तर मी यालाच सर्वाधिक गुण देईन. गोठवलेल्या मासळीत जीवनसत्त्वं हळूहळू कमी होत जातात. चांगल्या पेलेटमध्ये क, ई, बी-1 मोजून घातलेली असतात. अडचण अशी की मासळीची चटक लागलेला पिरान्हा पेलेटकडे ढुंकूनही बघत नाही. हिकारी कंपनीचे मांसाहारी माशांसाठीचे तळाशी जाणारे पेलेट आणले. पहिले दहा दिवस ते वाळूवर फुगून पडायचे आणि मी जाळीने काढायची. मग युक्ती केली. तिलापियाच्या तुकड्याला सुरीच्या टोकाने खिसा पाडायचा, कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवलेला पेलेट त्यात अंगठ्याने दाबून भरायचा आणि तुकडा मिटून घट्ट धरून लांब चिमट्याने पाण्यात सोडायचा. भरली वांगी भरतो तसंच. पंधरा दिवसांनी खिसा मोठा, मासा कमी. महिन्याभरात कोळंबीच्या पाण्यात भिजवलेला नुसता पेलेट सगळ्यात मोठीने घेतला. तिने घेतल्यावर बाकीच्यांनी त्याच आठवड्यात घेतला. पिरान्हा एकमेकांचं बघून शिकतात, हे मी शपथेवर सांगेन.

गांडुळं ही त्यांची मेजवानी. इथे गळाच्या आमिषाच्या दुकानात मोठी गांडुळं डब्यात मिळतात. उन्हाळ्यात मी परसातली काढते, कारण आमच्या हिरवळीवर औषध मारत नाही. ज्यांच्या हिरवळीवर मारतात त्यांनी परसातली घालू नयेत. आपल्याकडे गांडूळ खताच्या वाफ्यात असतात ती लाल बारीक गांडुळं मी एका मैत्रिणीकडून आणून बघितली. तोंडात घेतली आणि थुंकली. त्यांच्या अंगातून घाणेरड्या वासाचा पिवळसर द्रव सुटतो, तो माशांना नको असतो.

भाजीची कथा वेगळी. उकडून साल काढलेले मटार, वाफवलेल्या झुकिनीची (काकडीसारखी दिसणारी भाजी) चकती, पालक. पाचांपैकी दोघं मटार खातात, झुकिनी एकच खाते, पालकाकडे कुणी बघत नाही. म्हणून स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, असलेले पेलेट आठवड्यातून एकदा, त्यात काम भागतं. जबरदस्ती करण्यात अर्थ नाही, पण मटार दर पंधरा दिवसांनी टाकून बघते.

इथे मुंबई-पुण्यातल्या मित्रांसाठी एक गोष्ट, कारण भाजीबद्दल मला तिकडून नेमका उलटा अनुभव ऐकायला मिळतो. "आमचा पिरान्हा केळं खातो, काकडी खातो, मासा मात्र ठीक ठीक." त्यांचा तो बहुधा पाकू असतो, पिरान्हाचाच नातलग, म्हणजे बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच. पिल्लू असताना लाल पोट, चपटं अंग, सगळं सारखं दिसतं आणि दुकानात पिरान्हा म्हणूनच विकतात. दात बघा. पिरान्हाचे त्रिकोणी, करवतीसारखे, खालचा जबडा पुढे आलेला. पाकूचे दात चौकोनी, आपल्या दाढांसारखे, बिया फोडायला. पाकूला माझा हा आहार देऊ नका, त्याला फळं, बिया, भाज्या आणि वनस्पतीजन्य पेलेट हवेत. शिवाय तो खूप मोठा होतो. घरात मावेना म्हणून तळ्यात सोडू तर नकाच. 2016 मध्ये इथे लेक सेंट क्लेअरमध्ये गळाला पाकू लागले होते, ते असेच कुणीतरी सोडलेले.

पाण्याचं थोडं सांगायलाच हवं, कारण खाणं आणि पाणी वेगळं करता येत नाही. पिरान्हा ओढून, फाडून खातो, त्यामुळे खाण्याच्या वेळी टाकीभर धागे आणि चुरा उडतो. दहा मिनिटांनी उरलेलं सगळं जाळीने काढते. आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलते. मासळी जास्त घातली त्या आठवड्यात नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठणारं द्रव्य) चाळीस पीपीएमच्या, म्हणजे दशलक्ष भागांत चाळीस भागांच्या, वर गेलं, पेलेट जास्त असलेल्या आठवड्यात पंचवीसच्या आसपास राहिलं. हे मी वहीत लिहून ठेवलंय. आणि हात कधीच नाही, चिमटा. ते अंगावर धावून येतात म्हणून नव्हे, माझे मासे तर माझी सावली पडली तरी मागच्या लाकडाआड जातात. पण खाण्याच्या गडबडीत हलणारं बोट आणि हलणारी कोळंबी यांत त्यांना फरक कळणार नाही.

सप्टेंबरमध्ये वाळू साफ करताना पाइपातून दातांची एक पट्टी आली. सहा दात एकमेकांत अडकलेले, नखाएवढी लांबी, धार अशी की ओल्या कागदावर ओढली तर कागद कापला गेला. पिरान्हा जबड्याच्या एका बाजूचे दात एकदम बदलतो, हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं आहे. त्याच आठवड्यात एक मासा पेलेट तोंडात घेऊन सोडत होता. मला वाटतं तो हाच. त्याला आठवडाभर मऊ कॉड दिला.

डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवडे ठाण्याला गेलो. शेजारच्या मुलाला सांगितलं होतं की चार दिवसांनी एक पुडी, पुड्या मी बांधून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. त्याला दया आली आणि त्याने रोज घातलं. सगळं संपल्यावर घरचं मीठ लावलेलं सॅमनही घातलं. आलो तेव्हा पाणी दुधी झालं होतं, अमोनिया 1 पीपीएम, मासे वर येऊन श्वास घेत होते. तीन दिवस रोज अर्धं पाणी बदललं, पाच दिवस काहीच घातलं नाही. सगळे वाचले. पोरावर राग नाही, त्याचं मन चांगलं होतं. मोठ्या पिरान्हाला दोन आठवडे उपाशी ठेवलं तरी काही होत नाही, हे मीच त्याला नीट समजावून सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी पुड्या देणारच नाही, फक्त दुसऱ्या आठवड्यानंतर एकदा पेलेट.

खर्च पाच माशांना महिना पंचवीस डॉलरच्या आत बसतो. सध्याचा आठवडा असा: सोमवारी पेलेट, बुधवारी अख्खा तिलापिया, शुक्रवारी सालासकट कोळंबी किंवा गांडूळ, रविवारी स्पिरुलिनाचे पेलेट आणि जमलं तर मटार. मधले दिवस काही नाही. काल रविवार होता. पाच मटार टाकले. तीन वाळूवर राहिले, एक मोठीने खाल्ला. पाचवा त्या लहान नराने, ज्याने दहा महिन्यांत एकदाही हिरव्या गोष्टीला तोंड लावलं नव्हतं, तोंडात घेतला, कडेला नेला आणि चावून गिळला.