महासत्तांचा प्रभाव मोजायचा कशाने: तयार निर्देशांक की आमसभेतली मतं?

अमेरिका आणि चीन, यांच्यातलं जगात कुणाचं जास्त चालतं, हा विषय घेऊन दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे लघुप्रबंधासाठी येतात. विषय ठरलेला असतो, मोजपट्टी ठरत नाही. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. आधी तयार निर्देशांक वापरला, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या मतदानाच्या नोंदींकडे वळलो. त्या अनुभवावरून लिहितोय.

निर्देशांकांमध्ये सिडनीच्या लोवी इन्स्टिट्यूटचा ‘एशिया पॉवर इंडेक्स’ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तो 2018 पासून निघतोय. त्यात अमेरिका-रशिया धरून 27 देश आणि प्रदेश आहेत, आठ कसोट्या आहेत, आणि कोणत्या कसोटीला किती वजन दिलंय ते लपवलेलं नाही. आर्थिक आणि लष्करी क्षमतेला प्रत्येकी 17.5 टक्के, राजनैतिक प्रभावाला 10, सांस्कृतिक प्रभावाला 10. 2024 च्या आवृत्तीत अमेरिका 81.7, चीन 72.7. आठवड्याभरात तक्ते तयार होतात, प्रकरण उभं राहतं. वेळ कमी असेल तर हा फायदा लहान नाही.

माझं मन फिरलं ते त्या वजनांवरून. त्याच आवृत्तीत भारत 39.1 वर होता आणि जपान 38.9 वर. भारत तिसरा आला म्हणून आपल्याकडे मोठ्या बातम्या झाल्या, मलाही आनंद झाला. निर्देशांकाच्या संकेतस्थळावर वजनं बदलून पाहायची सोय आहे. एका रात्री मी बसलो, भविष्यातल्या साधनसंपत्तीचं वजन थोडं उतरवलं, संरक्षण संबंधांच्या जाळ्याचं तेवढंच चढवलं. जपान पुन्हा वर गेला. दिल्ली-टोकियोत त्या रात्री काहीही बदललं नव्हतं. ही सोय लोवीनेच दिलीय, त्यामुळे त्यांना दोष देणं बरोबर नाही. पण पुढे माझ्या एका विद्यार्थिनीला तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, “राजनैतिक प्रभावाला 10 टक्केच का? 20 का नाहीत?” ती माझ्याकडे बघायला लागली. मार्गदर्शक म्हणून मी शेजारीच बसलो होतो, आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं. तो प्रसंग मला अजून सलतो.

मतांच्या नोंदीत वजनाचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक देशाचं नाव आणि त्यापुढे बाजूने, विरोधात, तटस्थ किंवा गैरहजर. उदाहरणादाखल 21 डिसेंबर 2017 चं जेरुसलेमवरचं मतदान घ्या. जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानण्याच्या अमेरिकेच्या निर्णयाविरुद्धचा ठराव होता. कोण विरोधात जातंय त्याची नावं टिपून ठेवू, असं संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या राजदूत निक्की हेली यांनी आधीच बजावलं होतं. मदत बंद करण्याची भाषा खुद्द ट्रम्प यांनी केली होती. तरी 128 देश ठरावाच्या बाजूने गेले. अमेरिकेची मोठी मदत घेणारे इजिप्त, जॉर्डन, अफगाणिस्तान त्यात होते. भारतही होता. 35 तटस्थ राहिले, 21 मतदानालाच आले नाहीत, आणि ठरावाच्या विरोधात अमेरिकेसह फक्त 9. ही यादी मी छापून घेतली आणि हिरव्या, पिवळ्या, लाल पेन्सिलीने रंगवली. दडपण कुठे लागू पडलं असेल ते मला पिवळ्या आणि कोऱ्या ओळींत शोधावंसं वाटलं.

त्या 9 जणांत होंडुरास आणि नाउरू होते. पुढे 2023 च्या मार्चमध्ये होंडुरासने आणि 2024 च्या जानेवारीत नाउरूने तैवानशी संबंध तोडून बीजिंगला मान्यता दिली. त्याच 9 जणांतले ग्वाटेमाला, पलाऊ आणि मार्शल बेटं मात्र तैवानसोबतच राहिली. प्रभाव कुणावर, कोणत्या बाबतीत आणि किती दिवस, हे इतकं जवळून मला 81.7 या आकड्यात कधी दिसलं नाही.

अडचणी इथेही आहेत, आणि त्या मी विद्यार्थ्यांना आधीच सांगतो. आमसभेतले बरेचसे ठराव मतदानाशिवायच संमत होतात, म्हणजे त्यांतून हाती काही लागत नाही. अमेरिकेने क्यूबावर घातलेले निर्बंध उठवा असं सांगणारा ठराव 2023 मध्ये 187 विरुद्ध 2 असा झाला. एवढ्यावरून अमेरिकेला कुणी विचारत नाही असं म्हणणं चूक ठरेल, कारण निर्बंध तसेच राहिले. शिवाय तटस्थ मताचा अर्थ लावावा लागतो. 2 मार्च 2022 ला युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर भारत आणि चीन दोघेही तटस्थ होते, पण दोघांची कारणं एक नव्हती. प्रतिनिधींची भाषणं वाचल्याशिवाय ते कळत नाही, आणि त्यात महिने जातात.

तुमचा प्रश्न आशियातल्या लष्करी आणि आर्थिक बळाचा असेल तर निर्देशांक घ्या, मी अडवणार नाही. प्रश्न ‘कोण कुणाचं ऐकतं’ असा असेल, तर मला वाटतं मतांच्या नोंदीच घ्याव्यात. सुरुवात एकाच ठरावापासून करा आणि जमलं तर यादी कागदावर छापून घ्या.