१२० सेंटिमीटरची पांढरी काठी: दोन वर्षांच्या वापरानंतर

चार तुकड्यांची, तीन सांध्यांची, आतून इलॅस्टिकची दोरी ओवलेली ॲल्युमिनियमची ही घडीची काठी मी दोन वर्षांपूर्वी साडेसहाशे रुपयांना विकत घेतली. टोकाला फिरणारा प्लॅस्टिकचा गोळा, तळाचा तुकडा लाल, वरचे तीन पांढरे, आणि मुठीला गोल्फच्या काठीला असते तसे एका बाजूने चपटे रबर, असे तिचे रूप आहे. अभिप्राय लिहायला दोन वर्षे घेतली, कारण अशी काठी पहिल्या आठवड्यात कोणालाही वाईटच वाटते. ती चांगली की वाईट, हे एक पावसाळा आणि एक दिवाळी काढल्याशिवाय कळत नाही.

माझ्या डोळ्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण ही काठी कोणाला उपयोगी पडेल ते त्यावर ठरते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आनुवंशिक विकारात दृष्टिपटलाच्या ज्या पेशी अंधुक उजेडात आणि कडेचे पाहण्यासाठी लागतात, त्या आधी मरतात. मधली, अक्षरे वाचण्याची नजर पुष्कळदा शेवटपर्यंत तग धरते. त्यामुळे लहानपणी मी ‘दिवेलागणीला धडपडणारी वेंधळी मुलगी’ होते आणि आज सत्तेचाळिसाव्या वर्षी कागदाच्या पुंगळीतून पाहावे तसे जग पाहते. वर्तमानपत्रातला मजकूर मी वाचू शकते, पण पायाजवळची बादली मला दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचे क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर ती व्यक्ती अंध गणली जाते, मग तिला तक्त्यावरची अक्षरे कितीही वाचता येवोत. प्रमाणपत्रावर तो शब्द छापून आला तेव्हा तो मी चष्म्याशिवाय वाचला, ही गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या काठीच्या आधी माझ्याकडे एका शिबिरात विनामूल्य मिळालेली दुसरी काठी होती आणि ती आठ महिने पर्सच्या तळाशी, रुमाल आणि छत्रीच्या खाली पडून होती. लाज वाटत होती, हे खरेच आहे. आमच्या गल्लीत मला तीस वर्षे ओळखणारी माणसे राहतात आणि पांढरी काठी उघडली की त्या सगळ्यांना एकाच वेळी सांगितल्यासारखे होते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात एक तपकिरी, वाकड्या मुठीची काठी आधीपासून आहे, त्या म्हणाल्या, “अगं, मी म्हातारी काठी धरते ते ठीक आहे, तू कशाला? हात धर ना माझा.” पण न वापरण्याचे दुसरे कारणही तितकेच खरे होते आणि ते मला फार उशिरा कळले: ती काठी माझ्यासाठी चुकीची होती. दोन-तीनदा रात्री कोणी नसताना मी ती उघडली आणि दर वेळी काठी आणि पाऊल एकाच वेळी पायरीवर आदळले. मला वाटले, मलाच जमत नाही.

स्वतःच्या नडग्यांवरचे व्रण मोजणे मी कधीच सोडले होते. एका संध्याकाळी इमारतीच्या बोळात शेजारच्या काकूंच्या तीन वर्षांच्या नातवाला माझा धक्का लागून तो पडला आणि त्याच्या ओठाला खोक पडली. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एका प्रशिक्षण केंद्राला फोन केला.

प्रशिक्षण सहा आठवड्यांचे होते, आठवड्यातून तीन दिवस. शिकवणारे सर स्वतः पूर्ण अंध होते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी शिबिरातली काठी हातात घेतली, माझ्या पोटाला टेकवली आणि विचारले, “ताई, ही कोणाच्या मापाची?” ती ९५ सेंटिमीटरची होती. माझी उंची पाच फूट दोन इंच. उभे राहिल्यावर काठी निदान छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आली पाहिजे, आणि चालण्याचा वेग बरा असेल तर त्याहूनही वर, काखेपर्यंत आली तरी चालते, असा साधा हिशेब त्यांनी सांगितला. शिबिरात कोणी माप घेतलेच नव्हते. एका खोक्यातून सगळ्यांना सारख्याच काठ्या दिल्या होत्या.

लांबीला एवढे महत्त्व का, हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. पांढऱ्या रंगाची कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी दृष्टी गेल्यावर १९२१मध्ये वाहनचालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. पण ती काठी आधाराचीच होती, आखूड आणि जड. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकवताना अमेरिकेतल्या रिचर्ड हूवर यांनी काठी लांब आणि हलकी केली आणि ती चालणाऱ्याच्या पुढे कमानीसारखी फिरवण्याची पद्धत बसवली. तेव्हापासून ही काठी टेकायची वस्तू राहिली नाही. पुढच्या पावलाची जागा पाऊल पडण्याआधी तपासणे, हे तिचे काम झाले. तिच्यावर भार टाकला तर ती वाकते. सासूबाईंनी एकदा चुकून टाकला होता. म्हणजे आखूड पांढरी काठी देणे म्हणजे रंग नवा आणि काठी जुनी देणे. मी १२० सेंटिमीटरची घेतली आणि खड्ड्याची खबर मला एक पूर्ण पाऊल आधी मिळू लागली. या अभिप्रायातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी याच वाक्यात सांगून टाकते: साडेसहाशे रुपयांच्या या वस्तूत ब्रँडपेक्षा माप मोठे आहे.

पहिला आठवडा काठी हातात मिळालीच नाही. डोळस माणसाचा हात कोपराच्या वर धरून अर्धे पाऊल मागे कसे चालायचे, खोलीत वावरताना एक हात चेहऱ्यासमोर आणि एक कमरेसमोर कसा धरायचा, एवढेच शिकवले. मग काठी आली आणि तिच्यासोबत डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी. पट्टीवर मी भांडले. मला थोडे दिसते, तेवढेही का हिरावून घेता, असा माझा मुद्दा होता. सरांचे उत्तर असे, की जेवढे दिसते तेवढ्यावर डोळा सगळे लक्ष ओढून घेतो आणि हात काय सांगतो ते ऐकू येत नाही; शिवाय सात वाजल्यानंतर माझे डोळे मला पट्टीच बांधतात, तेव्हा ती दुपारी बांधून पाहायला हरकत काय? चौथ्या दिवशी मला पटले. पट्टी काढल्यावर मी पुंगळीतून दूरचा सिग्नल पाहते आणि काठी पायापुढची दोन पावले सांगते, अशी कामाची वाटणी झाली. ज्यांची दृष्टी अर्धवट उरली आहे त्यांनी पट्टीला नाही म्हणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मूळ चाल अशी: उजवा पाय पुढे तेव्हा काठीचे टोक डावीकडे, डावा पुढे तेव्हा उजवीकडे, म्हणजे जे पाऊल पुढे पडणार त्याची जागा आधीच तपासलेली असते. कमान खांद्यांपेक्षा दोन-दोन बोटे रुंद, मनगट नाभीसमोर स्थिर. वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात माझे हात आणि पाय तीन दिवस एकाच बाजूला जात होते, आणि शाळेत लेझीम खेळताना ठेका चुकला की सगळी रांग कशी अडखळायची त्याची आठवण येत होती. जिना त्या मानाने लवकर जमला. चढताना काठी उभी धरून टोक पुढच्या पायरीच्या उभ्या अंगाला टेकत जायचे. टोक हवेत मोकळे सुटले की जिना संपला. उतरताना टोक एक पायरी पुढे लोंबते आणि ते जमिनीला लागले की आपल्याला एकच पायरी उरलेली असते.

गोळ्याचे टोक घ्यावे की पेन्सिलीसारखे बारीक, यावर बरीच मते आहेत. बारीक टोक हलके असते आणि टकटक आवाज स्पष्ट येतो, परंतु आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत ते अडकते आणि मूठ थेट पोटात रुतते. फिरणारा गोळा जमिनीवरून न उचलता घासत नेता येतो, फटींवरून सरकतो आणि पृष्ठभाग बदलला की बोटांना कळवतो. काँक्रीटवर बारीक थरथर, डांबरावर खरखर, गटाराच्या लोखंडी झाकणावर पोकळ घुमणारा आवाज, आणि झाकण नसेल तर अचानक काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’ला थांबायचे, हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. गोळ्याचा एक तोटा पहिल्या दिवाळीत समजला: शेजारच्या काकूंच्या दारातल्या रांगोळीतून माझी काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि जिन्यापर्यंत गुलाबी रेघ उमटली. हल्ली त्या रांगोळी उंबऱ्याला चिकटून काढतात आणि मी कठड्याची बाजू धरून जाते.

आता तक्रारी. सांध्यांत वाळू गेली की काठी घडी होत नाही. भर पावसात बसमध्ये ती उघडीच दोन गुडघ्यांत धरून बसावे लागते. तेल घालू नये, त्यावर अधिकच माती बसते. कोरड्या फडक्याने पुसून मेणबत्ती हलकेच घासणे पुरते. दीड वर्षात इलॅस्टिक सैल पडले आणि चालता चालता मधला सांधा निखळू लागला. नवी दोरी ओवण्याचे काम मोठे नाही, पण विकणाऱ्याकडे सुटी दोरी मिळाली नाही, “नवीनच घ्या” असे उत्तर मिळाले. शेवटी कोपऱ्यावरच्या बॅग दुरुस्त करणाऱ्याने अर्ध्या तासात ओवून दिली. मुठीचे रबर उन्हाळ्यात चिकट होते. या तीन गोष्टींसाठी पाचपैकी एक तारा मी कापते.

कमरेच्या वर काय आहे ते कोणतीही साधी काठी सांगत नाही. झाडाची लोंबती फांदी, उघडी खिडकी, टेम्पोच्या मागे बाहेर आलेल्या सळया यांखालून काठी बिनबोभाट निघून जाते आणि कपाळ सापडते. दिल्लीच्या आयआयटीत विकसित होऊन २०१४मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ नेमके हेच काम करते: मुठीवर बसणारे यंत्र ध्वनिलहरी सोडून गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे टिपते आणि थरथरून कळवते. खड्डा आणि पायरी शोधायला मात्र तिच्यातही खाली काठीच आहे, म्हणून आधी साध्या काठीची चाल पक्की करावी आणि मग यंत्राचा विचार करावा, असे माझे मत आहे. तोवर पुण्यातल्या बायकांचा स्कार्फ आणि गॉगल मला कपाळासाठी कामी येतो. शहरभर तोच वेश असल्यामुळे कोणी वळूनही पाहत नाही.

काठीकडे मात्र वळून पाहतात, आणि ती पांढरी असण्याचा तोच उपयोग आहे. पूर्वी धक्का लागला की “डोळे फुटले का?” ऐकावे लागे, आता माणसे बाजूला होतात, कधी कधी न विचारता दंड पकडून रस्ता ओलांडून देतात, मला ओलांडायचा नसला तरी. अर्धवट दिसणाऱ्यांचा खास त्रास वेगळाच आहे. बसमध्ये काठी मांडीवर ठेवून मी मोबाईल वाचत होते, तेव्हा शेजारचे गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “मोबाईल दिसतो, मग काठी कशाला? सीटसाठी काय काय करतात लोक!” मी त्यांना वर्तमानपत्राची पुंगळी करून डोळ्याला लावायला सांगितली आणि पुढच्या थांब्यावर तशीच उतरून दाखवा म्हटले. ते उतरले नाहीत, पण गप्प बसले.

रस्ता साथ देतो तिथे या काठीचे खरे सामर्थ्य दिसते. पुणे मेट्रोच्या वनाझ ते गरवारे महाविद्यालय या टप्प्यातल्या स्थानकांवर पिवळ्या उठावाच्या फरश्या आहेत. उभ्या रेषा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. सेइची मियाके या जपानी गृहस्थांनी काढलेल्या या फरश्या १९६७मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. फलाटावर गोळा रेषांच्या खोबणीत बसला की काठी स्वतःच नेते आणि सायंकाळीही मी कोणाला न विचारता गाडीपर्यंत पोहोचते. माझ्या घराजवळच्या एका पदपथावर याच फरश्या सरळ विजेच्या पेटीवर नेऊन सोडल्या आहेत. बसवणाऱ्याला त्या सजावटीच्या वाटल्या असाव्यात.

घेणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी उंचीऐवजी जमिनीपासून काखेपर्यंतचे अंतर मोजून सांगावे, टोक आट्यांनी फिरवून बसणारे की आकड्याने अडकणारे ते विचारावे आणि सोबत दोन सुटी टोके घ्यावीत. माझे पहिले टोक सात महिन्यांत एका बाजूने झिजून चपटे झाले, कारण मूठ मी नेहमी एकाच अंगाने धरत होते. दुसरे आता तसेच होऊ लागले आहे. मृगाच्या आधी तिसरे बसवायचे आहे. ते उंबऱ्याजवळच्या खुंटीवर, सासूबाईंच्या काठीशेजारी, पिशवीत अडकवून ठेवले आहे.