लाल-निळा चष्मा की नुसते डोळे? मंगळ आणि चंद्र त्रिमितीत बघताना

यानांनी कक्षेतून घेतलेल्या जोडचित्रांमधून (एकाच जागेची दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं) मंगळाची किंवा चंद्राची जमीन उठावात बघायची, तर घरबसल्या दोन मार्ग आहेत. लाल-निळा चष्मा लावून अ‍ॅनाग्लिफ, म्हणजे दोन्ही चित्रं लाल आणि निळसर रंगांत एकमेकांवर छापलेलं एकच चित्र, बघायचं, नाहीतर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून, डोळे तिरळे करून ती एकमेकांवर आणायची. भूगर्भशास्त्राच्या विभागात आरशांचा स्टिरिओस्कोप असतो आणि तो फारच छान असतो, पण तो छापील फोटोंसाठी. स्क्रीनसमोर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

चष्म्याची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रेकनसन्स ऑर्बिटरवरच्या हायराइज कॅमेऱ्याची हजारो अ‍ॅनाग्लिफं तयार आणि मोफत आहेत. एका पिक्सेलमध्ये जेमतेम २५-३० सेंटिमीटर जमीन. जेझेरो विवरातला त्रिभुज प्रदेश उघडा, म्हणजे जिथे नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी २०२१ मध्ये उतरली त्याच्या शेजारचा भाग. त्याची तुटलेली कड विवराच्या तळापासून सरळ उभी राहते, तिच्यातले थर एकावर एक दिसतात, पायथ्याशी घरंगळलेले धोंडे वेगळे मोजता येतात. झूम करा, सरकवा, उठाव तुटत नाही. शेजारी ठेवलेल्या चित्रांना हे जमत नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच स्क्रीन येते. शिवाय चार जणांना एकदम दाखवायचं असेल, शाळेत मुलांना दाखवायचं असेल, तर चष्म्याला पर्याय नाही.

तरीही माझं मन हळूहळू चष्म्यावरून उठलं, आणि त्याचं कारण एकच आहे: चंद्र.

चष्म्याची कोणतीच काच दुसऱ्या डोळ्याचं चित्र पूर्ण अडवत नाही. थोडा उजेड झिरपतोच, आणि प्रत्येक कडेशेजारी तिची एक पुसट जुळी कड दिसते. मंगळावर हे खपून जातं. तिथल्या हवेत धूळ असते, ती उजेड विखुरते, त्यामुळे सावल्या मवाळ असतात. चंद्रावर हवाच नाही. सावली काळीकुट्ट आणि तिला लागून उन्हातला लख्ख उतार. टायको विवराचं मध्यशिखर घ्या. ते तळापासून सुमारे दोन किलोमीटर उंच आहे आणि माथ्यावर शंभर मीटरहून मोठा एक धोंडा बसलेला आहे. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाच्या चित्रांवरून केलेलं त्याचं अ‍ॅनाग्लिफ चष्म्यातून बघताना माझी नजर शिखरावर ठरतच नाही. उजळ कडेला लाल झालर, सावलीच्या आत कडेचा निळसर ठसा. वाईट म्हणजे, जितकी उंची किंवा खोली जास्त, तितकी दोन चित्रांतली तफावत जास्त आणि तितकी ती जुळी कड लांब सरकते. म्हणजे जे बघायला बसलो, तो सगळ्यात मोठा चढ किंवा उतार, तोच सगळ्यात घाणेरडा दिसतो. पुठ्ठ्याच्या चष्म्याऐवजी चांगल्या काचांचा घेतला, स्क्रीनचा उजेड कमी केला; फरक पडला, पण खटकणं गेलं नाही. कदाचित माझे डोळे जास्त चोखंदळ असतील. अनेकांना ही झालर जाणवतही नाही.

शेजारी ठेवलेल्या जोडीत हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक डोळ्याला स्वतःचं स्वच्छ चित्र मिळतं, काळं ते काळं, पांढरं ते पांढरं, आणि चित्र रंगीत असेल तर रंगही शाबूत. उजव्या डोळ्याचं चित्र डावीकडे आणि डाव्याचं उजवीकडे ठेवायचं. उलट ठेवलंत, तर विवरांच्या टेकड्या होतील. नजर आणि स्क्रीन यांच्या मधोमध पेन्सिलचं टोक धरून त्याच्याकडे बघत राहिलं, की मागे तीन चित्रं दिसू लागतात. मधल्यावर लक्ष स्थिरावलं की झालं. ही सवय लागायला काहींना वेळ लागतो, काहींचं कपाळ दुखतं. तिरळेपणा किंवा एक डोळा कमजोर असेल, तर हे दोन्ही मार्ग सोडून संगणकाने उभी केलेली तिरकी दृश्यं बघावीत.

तयार माल फक्त चष्म्यासाठी आहे, ही अडचण मला आता अडचण वाटत नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या अ‍ॅनाग्लिफमध्ये लाल वाहिनी (चित्राचा फक्त लाल रंगाचा थर) म्हणजे डाव्या डोळ्याचं चित्र आणि हिरवी-निळी म्हणजे उजव्याचं. गिंप या चित्रं संपादायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये वाहिन्या वेगळ्या केल्या, की जोडी हातात येते.

स्वतः जोडी जुळवायची असेल, तर चांद्रयान-२ वरच्या टीएमसी-२ या कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर ही चित्रं मिळतात. पाच मीटरचा पिक्सेल, आणि पुढे २५ अंश, सरळ खाली, मागे २५ अंश अशी तीन चित्रं साधारण मिनिटभरात एकाच फेरीत घेतलेली, त्यामुळे सावल्या जागच्या जागी. हायराइज कूस बदलून दुसऱ्या फेरीत जोडीदार चित्र घेतं. मधल्या काळात दंव किंवा धूळ बदललेली असू शकते. मात्र टीएमसी-२ चं यान उत्तर-दक्षिण उडतं, तफावतही त्याच दिशेने पडते, म्हणून चित्र पाव फेरा वळवूनच बघावं लागतं. युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाच्या मंगळचित्रांत उत्तर दिशा उजवीकडे असते, ती याच कारणाने. पुढचं आणि मागचं चित्र घेतलं, तर पन्नास अंशांची तफावत माझ्या डोळ्यांना जुळवत नाही. पुढचं आणि सरळ खालचं घ्या, उठाव तेवढ्यानेही खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो.

चष्मा स्वस्त आहे, घेऊन ठेवा. मंगळासाठी आणि पाहुण्यांसाठी तो लागेलच. टायको मात्र एकदा दोन्ही प्रकारे बघा आणि मगच ठरवा.